ज्याच्या चपला, त्यानेच उचलायच्या

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. शपथ मी घेणार नाही. या गोष्टीत आधीच एक शपथ आहे आणि तिचं काय झालं ते कळेलच तुम्हाला.

आणि हो, भुताची गोष्ट म्हटली की अमावस्या, मध्यरात्र, रडणारी कुत्री... तसलं इथे काही नाही.

भर दुपार होती.

खंडेनवमी. साल १९९४. जागा बंगलोरमधलं यशवंतपूर, बाजाराच्या मागची एक पत्र्याची शेड.

घडलं ते माझ्या प्रेमामावशीच्या यजमानांच्या बाबतीत. उमाकांतकाकांच्या. त्यांनी स्वतः मला सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

काका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. नागपूरहून नोकरीसाठी आले आणि बनशंकरीत घर करून राहिले. त्याच कारखान्यात त्यांचा जिवलग मित्र होता, विद्याधर. मिरजेचा. मला तोही काकाच, पण इथे नुसतं विद्याधर म्हणते, नाहीतर दोन काकांचा घोळ व्हायचा. आमचे काका जितके घुमे, तितका हा बोलघेवडा. गल्लीतल्या भाजीवालीशी कानडीत भांडायचा आणि वर तिच्याकडूनच कढीपत्ता फुकट घेऊन यायचा.

या दोघांना एक खूळ लागलं.

लष्कराने लिलावात काढलेला जुना ट्रक त्यांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतला. शक्तिमान. नाव ऐकूनच विद्याधर भाळला होता. फौजी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून त्याला विटकरी रंग फासला. जरा खरवडलं की खालून हिरवा डोकवायचा.

"काय करणार आहात हो या धुडाचं?" मावशीने विचारलं.

"हिमालयात जाणार, वहिनी! तुम्ही मागे बसायचं, पोळ्या लाटत."

हिमालय कसला नि काय कसलं! ट्रक यशवंतपूरच्या बाहेर पडेल तर ना. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आज डिझेलच्या पाइपात हवा धरली, ती काढत बसा. उद्या बॅटऱ्या उतरल्या. परवा ब्रेक धरेनात. सुटा भाग म्हणून कुठल्या दुकानात मिळेल तर शपथ. मग शेजारच्या लेथवाल्या कल्लाप्पाची मनधरणी करून तो घडवून घ्यायचा. दर रविवारी दोघं सकाळी जायचे आणि तेलाने माखलेले परत यायचे. मावशी साबण घेऊन दारातच उभी असायची.

काका म्हणतात, तेवढं सुख आयुष्यात दुसरं मिळालं नाही.

आता नियम सांगते. तो नीट लक्षात ठेवा.

विद्याधरचे वडील फौजेत ट्रक चालवायचे. त्यांनी घालून दिलेला नियम. गाडीखाली जायचं असेल तर आपल्या चपला काढून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायच्या. सीटवर चपला, म्हणजे खाली माणूस. त्या दुसऱ्या कुणी हलवायच्या नाहीत. ज्याच्या चपला, त्यानेच उचलायच्या. आणि काम आटपून बाहेर येताना गाडीच्या लोखंडावर हाताने दोन थापा मारायच्या...

थप्. थप्.

"आलो रे!"

विद्याधरची बायको शलाका. तिला तो ट्रक डोळ्यांसमोर नको होता. "एवढ्या लोखंडाखाली झोपायचं म्हणजे काय," म्हणून तिने घरात अबोला धरला होता. शेवटी विद्याधरने लेकीच्या, मैत्रेयीच्या, डोक्यावर हात ठेवला.

"हिची शपथ. सीटवर चपला ठेवल्याशिवाय मी गाडीखाली जाणार नाही. झालं समाधान?"

त्या एका शब्दावर तिने त्याला परवानगी दिली होती.

खंडेनवमीला सगळं बंगलोर आपापल्या गाड्या धुऊन पूजा करतं. आयुधपूजा म्हणतात तिकडे. शेडमध्येही थाट होता. केळीचे खांब, झेंडूच्या माळा, कापायला कोहळा, वाटायला चुरमुरे. पाने, स्क्रू ड्रायव्हर, हातोडे, सगळं चौरंगावर मांडून कुंकू लावलेलं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो. शलाकाकाकूंनी ट्रकच्या चारी बाजूंनी रांगोळी काढली होती. कारखान्यातले साहेब सहकुटुंब आले होते. सगळे पुढे, दारापाशी उभे. ट्रकची पाठ आतल्या भिंतीकडे.

काकांनी रेशमी धोतर नेसलं होतं. मावशीने मुद्दाम काढून दिलेलं, लग्नातलं.

चाकांपुढे लिंबं ठेवून झाली. आता गाडी सुरू करायची, लिंबांवरून पुढे घ्यायची, की झाली पूजा. चाकांखालचे दगड काढले.

"विद्याधर कुठाय?"

"असेल इथेच. कापूर आणायला गेला असेल."

गुरुजी म्हणाले, "मुहूर्त चाललाय, सार."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

काका पलीकडच्या बाजूने केबिनच्या पायरीवर चढले. दार उघडलं...

सीटवर चपला.

विद्याधरच्या कोल्हापुरी. डाव्या चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला.

काकांच्या डोक्यात सणक गेली. काय हा माणूस! पूजेच्या दिवशी, हारतुरे घातलेल्या गाडीत, चपला! सकाळी विसरला असणार. नाहीतर आज खाली कोण जातंय? पाने तर सगळे चौरंगावर.

नियम माहीत नव्हता असं नाही. दर रविवारी ते स्वतः पाळत होते.

खाली उतरून एकदा वाकून पाहायचं होतं. तेवढंच. पण जमिनीवर तेल, ग्रीस, आणि नेसलेलं रेशमी धोतर. डाग पडला तर मावशी बोलेल. आणि साहेब ताटकळलेत...

"विद्या!" त्यांनी एकदा हाक मारली.

शेजारच्या शेडमध्ये त्याच क्षणी फटाक्यांची माळ लागली. हाकेला उत्तर आलं की नाही, त्यांना आजही माहीत नाही.

काकांनी दोन बोटांनी चपला उचलल्या आणि डिझेलच्या पिंपामागे भिरकावल्या. कुणी पाहिलं नाही.

एरवी तासभर रडणारी गाडी त्या दिवशी पहिल्या झटक्यात सुरू झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक पुढे सरकला. एक लिंबू फुटलं. दुसरं फुटलं.

मग मागचं चाक कशावरून तरी गेलं.

लिंबू एवढं मोठं नसतं.

झालं होतं असं, की ट्रकच्या पोटातून ठिबकलेलं तेल रांगोळीकडे ओघळत होतं. बायकोची रांगोळी बिघडेल म्हणून विद्याधर फडकं घेऊन मागून खाली शिरला होता. तेल पुसायला. हातात पाना नाही, म्हणून आवाज नाही. नुसतं फडकं.

आणि जाण्याआधी त्याने चपला सीटवर ठेवल्या होत्या. दिलेल्या शब्दाप्रमाणे.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला.

शलाकाकाकू तिथल्या बाकावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. काकांना पाहून उठल्या आणि एकच विचारलं.

"भाऊजी, चपला सीटवर होत्या?"

काकांच्या डोळ्यांपुढे सगळं एकदम आलं. पोलीस. नोकरी. मावशी. धोतर. धोतराला खरंच एकही डाग पडला नव्हता.

"नव्हत्या," काका म्हणाले.

विचार करून बोलले असते तर कदाचित बोलले नसते. पण तोंडातून शब्द गेला तो गेला. मग पोलिसांनाही तेच सांगावं लागलं. कारखान्यातही तेच. लोक हळहळले, वर म्हणाले, "स्वतःच नियम सांगायचा आणि स्वतःच हलगर्जीपणा केला बघा."

शलाकाकाकूंनी विद्याधरचा फोटो भिंतीवर लावला नाही. मावशीने विचारलं तर म्हणाल्या, "लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्या माणसाचा फोटो कशाला लावू?"

मावशीने घरी येऊन हे सांगितलं. काका जेवत होते. अर्ध्या ताटावरून उठले.

इथून पुढचं आता.

चौकशी आटपून ट्रक पुन्हा शेडमध्ये आला. काका एकटेच गेले. चपला शोधून कुठेतरी नष्ट करायच्या, एवढंच मनात होतं. पिंप बाजूला सरकवलं...

धुळीत दोन चपलांचे ठसे होते.

चपला नव्हत्या.

कुत्र्याने नेल्या असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. शेडला कुलूप होतं, ही गोष्ट मनाने मागे ढकलली.

गाडी पडून राहिली तर बॅटऱ्या मरतात. मधूनमधून सुरू करावी लागते. म्हणून पुढच्या रविवारी काका दुपारी गेले. ऊन पत्र्यावर तापलं होतं. बाजारातून हमालांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

त्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलं...

घस्... घस्... घस्...

फडक्याने लोखंड पुसल्याचा आवाज.

ट्रकखालून.

काका जागच्या जागी उभे. मग गुडघे टेकले. आता वाकायला काही अडलं नाही. खाली पाहिलं. कुणी नव्हतं. तेलाचा एक थेंबही नव्हता.

उठले... आणि पुन्हा.

घस्... घस्...

"केळगे यारो इद्दारे, सार."

काका ओरडलेच. दारात कल्लाप्पा उभा होता, लेथवाला. खाली कुणीतरी आहे, म्हणत होता. "कोण माणूस लावला आहे तुम्ही? सकाळपासून पुसतोय. मी चहाला हाक मारली, तर ओ देत नाही."

काकांनी केबिनचं दार उघडलं.

सीटवर चपला होत्या.

तांब्याची तार चकाकत होती. काकांनी हात लावला, आणि झटक्यात मागे घेतला.

उबदार होत्या. आत्ताच कुणी पायांतून काढल्यासारख्या.

त्यांनी गाडी सुरू केली नाही. कशी करणार? खाली माणूस होता.

ते बाकड्यावर बसून राहिले. कशाची वाट पाहत होते माहितीये? दोन थापांची. थप्, थप्, आलो रे. एवढं ऐकू आलं की सुटलो, असं त्यांना वाटत होतं.

थापा आल्या नाहीत.

मग हे दर रविवारचंच झालं. कधी सीट रिकामी असायची, कधी चपला असायच्या. पुसण्याचा आवाज मात्र असायचाच. कल्लाप्पाने मधल्या भिंतीवर लिंबू-मिरची टांगली आणि त्या बाजूचं दार खिळे मारून बंद केलं.

एकदा काका न राहवून मोठ्याने म्हणाले, "विद्या, सांगतो रे! आजच सांगतो शलाकाला."

आवाज थांबला.

ऐकत असल्यासारखा थांबला.

काका तसेच उठून शलाकाकाकूंकडे गेले. काकूंनी चहा केला. मैत्रेयीच्या कॉलेजचं काहीबाही बोलणं झालं. काकांनी चहा प्यायला आणि घरी आले.

पुढच्या रविवारी खालून आवाज येतच होता.

असं किती वेळा झालं! "सांगतो" म्हणायचं, जायचं, चहा प्यायचा, यायचं. आपल्याच मित्राला मेल्यावरही थापा मारत होतो गं, असं काका मला म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. पण जीभ काही उचलायची नाही.

उन्हाळ्यात गिऱ्हाईक आलं. आनेकलचा एक वीटभट्टीवाला. ट्रक दोघांच्या नावावर, म्हणून सहीला शलाकाकाकूंना यावं लागलं. अपघातानंतर त्या पहिल्यांदाच तिथे येत होत्या.

काका आधी जाऊन केबिन पाहून आले. सीट रिकामी. आवाजही नाही. त्यांनी देवाचे आभार मानले.

काकू आल्या. सही केली. मग म्हणाल्या, "एकदा आत बघते. इतकं काय होतं त्यात, ते तरी कळू दे."

पायरीवर चढल्या. दार उघडलं.

आणि तशाच उभ्या राहिल्या.

"भाऊजी..."

आवाज वेगळाच होता.

"या त्यांच्या चपला."

काका दोन पावलं पुढे आले.

"ही तार मी बांधली होती. नवीन घ्या म्हणाले तर ऐकेनात, म्हणून मीच बांधून दिली." त्यांनी मान वळवली. "या इथे सीटवर कशा?"

घस्... घस्...

ट्रकखालून आवाज सुरू झाला. आणि थांबला.

बाजारातला गोंगाटही थांबल्यासारखा वाटला. भट्टीवाला कागद घडी करत होता, तोही थांबला. काकूंच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? आशा होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. एक शब्द हवा होता त्यांना. होत्या, वहिनी. त्या दिवशीही इथेच होत्या. बस.

काकांनी तोंड उघडलं.

"मी ठेवल्या," काका म्हणाले. "कोपऱ्यात पडलेल्या सापडल्या मागे. आज गाडी जाणार, तर... आठवण म्हणून."

काकूंच्या चेहऱ्यावरचं ते गेलं. कुणी हाताने पुसावं तसं.

"अस्सं," एवढंच म्हणाल्या.

आणि तेव्हा...

थप्.

थप्.

सगळ्यांनी ऐकलं. भट्टीवाला दचकून म्हणाला, "यारु?" कोण आहे?

"आलो रे" कुणी म्हणालं नाही.

काका जमिनीकडे पाहत होते, म्हणून त्यांना तेवढं दिसलं. ट्रकच्या मागून एक ओला ठसा उमटला. तेलाचा. अनवाणी पावलाचा. मग दुसरा. मग तिसरा. काकांच्या अगदी शेजारून गेले ठसे. थांबले नाहीत. केबिनपाशी, चपलांपाशीही थांबले नाहीत. सरळ फाटकातून बाहेर, उन्हात गेले.

काकू पायरीवरून उतरल्या. चपला त्यांनी हातात घेतल्या होत्या. फाटकाबाहेर कचऱ्याचा ढीग होता, त्यावर टाकून दिल्या.

"मला नकोत," म्हणाल्या.

भट्टीवाल्याने सेल्फ मारला. ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला आणि निघून गेला.

त्यानंतर काकांना कधीही, काहीही झालं नाही. आवाज नाही, भास नाही, साधं स्वप्नसुद्धा नाही. कितीतरी रविवार ते त्या रिकाम्या शेडमध्ये जाऊन बसले. कान देऊन. भुताची भीती नव्हती गं उरली, म्हणाले. त्याने माझा नाद सोडला, त्याची वाटायला लागली.

फाटकाबाहेर गेलेले ते ठसे कल्लाप्पानेही पाहिले होते, एवढं मी स्वतः त्याला विचारून खात्री केली. "हो," म्हणून त्याने हात जोडले आणि विषय बदलला.

चार वर्षांनी मैत्रेयीचं लग्न झालं. बंगलोरलाच. मी होते त्या लग्नात.

कन्यादान कुणी करायचं, असा प्रश्न आला. शलाकाकाकू स्वतः चालत बनशंकरीला आल्या.

"भाऊजी, तुम्ही आणि प्रेमावहिनी बसा. तुमच्याशिवाय आम्हाला कोण आहे?"

काका नाही म्हणाले. दोनदा म्हणाले. कारण मात्र सांगता येईना. मावशीने डोळे वटारले, "असं काय करता हो?" आणि ते बसले.

मला आठवतं, मंडपात काका सारखे घामाघूम होत होते. आम्हाला वाटलं, होमाचा धूर. ते वाट पाहत होते. कुठूनतरी आवाज येईल... काहीतरी पडेल, विझेल, कुणीतरी ओरडेल... विद्याधर येईल आणि सगळ्यांसमोर आपल्याला इथून उठवेल.

कुणी आलं नाही. कन्यादान निर्विघ्न पार पडलं. गुरुजींनी तोंडभरून कौतुक केलं.

शलाकाकाकूंनी डोळे पुसले. भरल्या मांडवात म्हणाल्या, "तुम्ही होतात म्हणून निभावलं, भाऊजी. आमचं माणूस काही शब्दाला जागलं नाही."

मैत्रेयी ऐकत होती. तिने मान खाली घातली. बापाची लाज वाटून घातली.

मग नवरा-नवरी जोडीने नमस्काराला वाकली. काकांनी पाय मागे ओढून घेतले.

मावशीने त्यांना कोपर मारलं.

काकांनी पाय पुढे केले, आणि आशीर्वाद दिला.